चाळीस डोक्यांचा हॉल

औसा रोडच्या मागच्या गल्लीत अमरनाथ उस्तुरगे कुठे राहतो असं विचारलं, की लोक उलट विचारायचे, "कोणता? कॉम्प्युटर मारतो तो?" मारतो म्हणजे कॉम्प्युटरवर त्याचा जीव जाईपर्यंत ओझं लादून बघतो. गल्लीला त्याचा धंदा एवढाच कळला होता, आणि खरं सांगायचं तर गल्लीला बरोबर कळला होता.

भाड्याच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत फळीवर ओळीनं पाच कॉम्प्युटर. एक उदगीरच्या बंद पडलेल्या सायबर कॅफेतला, एक देगलूरच्या पतसंस्थेनं लिलावात काढलेला, बाकीचे कुणाकुणाच्या घरातून पोरगं शिकून पुण्याला गेल्यावर अडगळीत पडलेले. दहा वर्षांच्या आतला त्यात एकही नव्हता. नवं का घेत नाहीस, असं बायकोनं, सिंधूनं, एकदा विचारलं, तर तो म्हणाला की नव्या मशीनवर काय, दगडसुद्धा पळतो. लोकांच्या घरात जे असतं त्याच्यावर चाललं तरच ते चाललं. बोलणं शहाण्यासारखं होतं. अमरनाथचं सगळंच बोलणं शहाण्यासारखं असायचं. शहाणपण आणि अक्कल या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे मात्र त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

ते कोरोनाचं वर्ष होतं. ज्या लातुरात सकाळी साडेपाचला सायकलींच्या गर्दीनं रस्ता मिळायचा नाही, तिथं जून महिन्यात कुत्री रस्त्याच्या मधोमध झोपली होती. मेस बंद, होस्टेलं बंद, फ्लेक्सवरच्या टॉपरांचे चेहरे उन्हानं पांढरे पडलेले. सगळ्या क्लासवाल्यांनी मोबाइलवर शिकवणं सुरू केलं, पण अंबरीश सरांना ते पटेना. अंबरीश सर फिजिक्स शिकवायचे आणि त्यांच्याकडे चारशे बारा पोरं होती. लोक म्हणायचे, सरांच्या शिकवण्यापेक्षा सरांचा हॉल पोरांना डॉक्टर करतो. त्या हॉलची एक रीत होती. दर रविवारी चाचणी, सोमवारी निकाल, आणि निकालाच्या नंबरानं बाकं. पहिला नंबर सरांच्या पुढ्यात, चारशे बारावा मुतारीच्या भिंतीला. दर सोमवारी चारशे पोरं दप्तरं उचलून इकडची तिकडं व्हायची. रडायचीही. आईबाप भेटायला आले की पोरगं काय शिकलं ते विचारायचे नाहीत, कितव्या बाकावर बसतं ते विचारायचे.

मोबाइलवर ही रीत चालेना. तिथं सगळी पोरं एकाच मापाच्या चौकोनात, पहिलं कोण आणि शेवटचं कोण हे दिसेना. म्हणून सरांनी पुण्याच्या दोन इंजिनिअरांकडून कॉम्प्युटरमधला हॉल करून घेतला. अगदी खऱ्यासारखा. बाकं, पंखे, फळा, पाण्याचे जार, आणि प्रत्येक पोराचं एक बाहुलं. छातीवर नाव आणि चाचणीतला नंबर. पोरानं घरी बटण दाबलं की बाहुल्याचा हात वर व्हायचा, सर त्याच्याकडे बघायचे आणि विचारायचे. हॉल देखणा होता, फक्त तो इंजिनिअरांच्या मशीनवर चालायचा. अर्धापूरच्या, हदगावच्या, इस्लापूरच्या पोरांच्या घरी तो उघडला, की सरांचं तोंड पुढं जायचं, आवाज मागून यायचा आणि मग सगळंच गोठून बसायचं. इंजिनिअर म्हणाले, पोरांना नवे कॉम्प्युटर घ्यायला सांगा. सर म्हणाले, असं सांगितलं तर पोरं दुसऱ्या क्लासला जातील. आणि त्यांनी अमरनाथला बोलावणं धाडलं.

अमरनाथ त्यांच्याकडे बारा वर्षं निकालाच्या याद्या करत होता. या माणसाची यादीवर देवाइतकी श्रद्धा होती, आणि ती उगाच नव्हती. त्र्याण्णवच्या भूकंपात तो बारा वर्षांचा होता. तेरणाकाठचं गाव, दगडमातीच्या भिंती. बाप मडिवाळप्पा आणि दोन बहिणी गेल्या. अमरनाथ वाचला तो मातीच्या ढिगातून त्याचा एक हात कोपरापर्यंत बाहेर राहिला आणि लष्कराच्या एका माणसाला तो दिसला म्हणून. पुढं मदत आली ती यादीनं आली. ज्याचं नाव यादीत त्याला तंबू, ज्याचं नाही त्याला उद्या या. त्याच्या आईचं, सिद्धम्माचं, नाव चढायला दीड महिना लागला, तोवर ती पोराला घेऊन देवळाच्या ओट्यावर होती. मग भूकंपग्रस्ताचा दाखला मिळाला. त्या दाखल्यावर सरकारी नोकरी लागेल म्हणून अमरनाथनं तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वीस वर्षं जपला. नोकरी लागली नाही. कॉम्प्युटर शिकला, टायपिंगचं सेंटर काढलं, ते बुडालं, आणि तो सरांच्या याद्या करायला लागला.

एकच मुलगी. स्वप्नाली. तिनं डॉक्टर व्हावं, यापलीकडे अमरनाथला आयुष्याकडून काही मागायचं नव्हतं. पोरगी शांत होती, बरी होती. लातुरात बऱ्या पोरांना कुणी विचारत नाही. तिला अंबरीश सरांच्या पुढ्यात बसायला मिळावं, सरांनी रोज तिला एक तरी प्रश्न विचारावा, एवढं झालं की पुढचं आपोआप होतं असं त्याचं गणित होतं. सरांनी हॉलचं काम सांगितलं तेव्हा त्यानं मजुरी मागितली नाही. म्हणाला, माझी पोरगी हॉलमध्ये बसू द्या. सरांनी लगेच मान हलवली. फुकटात काम आणि फुकटात उपकार, दोन्ही एकदम पदरात पडत असतील तर कोण नाही म्हणेल?

अमरनाथ कामाला लागला, आणि या कामात तो वाकबगार होता हे कबूल केलं पाहिजे. कॉम्प्युटर पडद्यावर सेकंदाला तीस चित्रं काढतो तोवर डोळा फसतो. पंधराच्या खाली आला की सोंग उघडं पडतं. अमरनाथ रिकामा हॉल उघडायचा, आकडा बघायचा. मग पन्नास बाकं टाकायचा, आकडा बघायचा. शंभर बाकं, दोनशे बाकं. मग पोरं. पाचही मशीनवर, एकेक वस्तू वाढवत. पावसानं उघडीप दिली की उकाड्यानं पतसंस्थेतलं मशीन दुपारी आपोआप बंद पडायचं, तेव्हा तो त्याचं झाकण काढून समोर कूलर लावायचा आणि घरची माणसं घामात बसायची.

कशाचं ओझं किती, हे त्यानं हुडकून काढलं. पंखे फिरतात त्याचं ओझं होतं. त्यानं पंखे थांबवले. दप्तरं काढली. जार काढले. बाकाखाली पाय कुणाला दिसत नाहीत म्हणून चारशे बारा पोरांचे पाय काढून टाकले. सरांना हे सांगितलं तेव्हा सर पोट धरून हसले. आकडा सातवरून अकरावर आला, पुढं सरकेना. उरली होती ती नुसती डोकी, आणि चारशे डोकी जुन्या मशीनला झेपत नव्हती.

तेव्हा अमरनाथला ती कल्पना सुचली. पुण्याच्या इंजिनिअरांना ती सात जन्मात सुचली नसती, कारण त्यांनी दर सोमवारी बाकं बदलताना बघितली नव्हती. तो म्हणाला, सर, मेरिटनं दाखवू. पहिल्या साठांची खरी बाहुली ठेवू. त्यांच्यामागं एक सपाट चित्र लावू, माना खाली घालून लिहिणाऱ्या पोरांचं. मागच्या पोराला स्वतःचं बाहुलं स्वतःच्या जागी दिसंल, सर दिसतील, पुढची साठ दिसतील. त्याला काई कळायचं न्हाई. आवाज सगळ्यांना जाईल. फक्त मागचं कुणाला दिसणार नाही.

"तुमच्या मशीनवर मात्र सगळे दिसतील," तो पुढं म्हणाला. "तुमचं मशीन नवं हाय."

सर म्हणाले, "मलाही साठच दाखवा. चारशे डोकी समोर आली की नजर फाटते माझी. ज्यांचं काही होणार आहे तेवढी दिसली की पुरे."

अमरनाथला हे गैर वाटलं का? नाही वाटलं. स्वप्नालीचा त्या आठवड्यात सदतिसावा नंबर होता.

शेवटी हाताचा प्रश्न आला. वर होणारा हात हलतो, आणि हलणारी वस्तू मशीनला महाग पडते. मागच्यांची बाहुली दिसतच नाहीत तर त्यांचे हात कशाला ठेवायचे? त्यानं साठच्या मागचे हात काढले. पोरगं घरी बटण दाबायचं, त्याला त्याचा हात वर गेलेला दिसायचा, आणि तो तेवढ्यापुरताच असायचा. आकडा चोविसावर गेला. पाचही मशीनवर हॉल लोण्यासारखा चालला. सरांनी अमरनाथच्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्या पालकांना कळवलं की आता कुणी कॉम्प्युटर बदलू नये.

दिवाळीपर्यंत बरं चाललं. मग हदगाव-किनवटकडून पुन्हा तक्रारी यायला लागल्या, तिकडची मशीनं अमरनाथच्या मशीनपेक्षाही म्हातारी होती. सर म्हणाले, साठाचे चाळीस करा. अमरनाथ फळीसमोर बसला. त्या सोमवारी स्वप्नालीचा नंबर शेहेचाळीस होता.

इथं हा माणूस थांबू शकला असता. थांबला नाही. त्यानं स्वतःची समजूत घातली, की एका रविवारचा तर प्रश्न आहे, पोरगी पुढच्या चाचणीत वर येईल. मागं बसल्याशिवाय पुढं यायची ईर्षा येत नाही. लातुरातला प्रत्येक बाप हेच बोलतो. त्यानं साठ पुसलं, चाळीस लिहिलं, आणि आतल्या खोलीत भिंतीला टेकून अभ्यास करत बसलेल्या पोरीला त्यातलं एक अक्षर सांगितलं नाही.

पुढच्या सोमवारी स्वप्नाली एकसष्ट. त्याच्या पुढच्या, अठ्ठ्याऐंशी. जानेवारीत एकशे तीसच्या पलीकडे. अमरनाथ तिच्यावर चिडायला लागला. मोबाइल बघत बसतीस, तुझं ध्यान न्हाई, मी काय करून राहिलो तुझ्यासाठी ते तुला ठाऊक हाय का, हे रोजचं झालं. ती ऐकून घ्यायची. सिंधू मधे पडली तर तिलाही दोन शब्द. एका रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर त्यानं पुन्हा तेच काढलं, की एवढा चांगला मास्तर, त्याला विचारायला काय होतं, तोंड शिवलंय का? तेव्हा पोरगी पहिल्यांदा बोलली.

"विचारते की अप्पा. रोज हात वर करते. सर माझ्याकडं बघत्यात अन् दुसऱ्याला विचारत्यात. मी फुकटात बसलेय ना, म्हणून मुद्दाम करत असतील. पहिलं वाईट वाटायचं. आता न्हाई वाटत."

एवढं बोलून ती ताट उचलून मोरीकडे गेली. अमरनाथ तसाच पुढच्या खोलीत आला. कोणत्या घरातून कोणती वस्तू कधी हलली याची नोंद मशीन ठेवत असतं. त्यानं ती उघडली. स्वप्नाली उस्तुरगे, हात वर. डिसेंबरपासून त्या दिवसापर्यंत दोनशे अठरा वेळा. कधी दोन मिनिटं, कधी पाच, एकदा अख्खा तास. तिचा सोडून कुणाच्याच पडद्यावर गेला नव्हता तो हात. त्यानं स्वतःच्या हातानं काढला होता. तो उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसला आणि बराच वेळ आत आला नाही.

आता तरी त्यानं काय करायला हवं होतं? पोरीला जवळ बसवून खरं सांगायचं; सरांना सांगायचं की हे चूक आहे, चारशेही दाखवा नाहीतर कुणीच नको. पण सरांना बोललं तर फुकटची जागा गेली. पोरीला सांगितलं तर बाप गेला. त्यानं तिसरंच केलं. चाळिसाव्या बाकावर हदगावच्या एका शाळामास्तरांची, किशनरावांची, मुलगी होती. तिला त्यानं मागच्या सपाट चित्रात लोटलं आणि तिथं स्वप्नालीला बसवलं. किशनरावांच्या मुलीचं पुढं काय झालं ते विचारू नका. अमरनाथनंही विचारलं नाही. एक मात्र त्याच्या हातून झालं नाही. छातीवरचा नंबर निकालाच्या यादीतून यायचा, आणि यादीत खोटं लिहायला त्याची बोटं धजली नाहीत. बारा वर्षांत त्यानं यादीत कानामात्रा बदलली नव्हती. नंबर होता तसाच राहिला.

सोमवारी आठ वाजता तास सुरू झाला. स्वप्नाली आतल्या खोलीत तिच्या मशीनवर, अमरनाथ बाहेर त्याच्या. सिंधू भाकरी थापत होती. सरांनी एक गणित घातलं, समोरच्या चाळिसांवरून नजर फिरवली आणि थबकले.

"एकशे त्रेसष्ट," सर म्हणाले. "चाळिसाच्या बाकावर एकशे त्रेसष्ट नंबर बसलाय. उस्तुरगे. म्हणजे आमच्या अमरनाथरावांची का तू?"

आतून स्वप्नालीचा आवाज आला, हाव सर. तोच आवाज क्षणभरानं अमरनाथच्या मशीनमधूनही आला.

"हात वर केलायस. विचार, काय विचारायचंय?"

दोन महिन्यांनी सरांनी तिच्याकडे बघितलं होतं. पोरीला बोलायला सुधरेना. गणित काय होतं तेही तिच्या डोक्यातून निघून गेलं. सर थांबले, आणि ते थांबणं दयेचं नव्हतं. मग त्यांनी एकेक सोपं विचारायला सुरुवात केली. आठवीतलं, मग सातवीतलं. तिला तेही येईना, आणि त्या अवस्थेत कुणालाच आलं नसतं. शेवटी सरांनी सगळ्यांचे माइक उघडले आणि म्हणाले, "ऐका रे. बाप वायर जोडतो म्हणून पोरीला बाक मिळतो. डोकं कोण जोडून देणार?"

चारशे घरांतून हसू आलं. अर्धापूरहून, उदगीरहून, निलंग्याहून, कुठं मागं कुकरची शिट्टी, कुठं कोंबडा, आणि सगळ्यावर पोरांचं हसू. जुन्या मशीनवर चारशे आवाज एकदम आले तरी एक शब्द अडकला नाही. अमरनाथची नजर सवयीनं कोपऱ्यातल्या आकड्याकडे गेली. सव्वीस होता. आतल्या खोलीत पोरगी तास संपेपर्यंत बसून राहिली, कारण तास अर्धवट सोडणाऱ्याचं बाहुलं हॉलमध्ये सगळ्यांना उभं दिसायचं.

तास संपल्यावर ती बाहेर आली. बापानंच तिला तिथं बसवलं हे तिला एव्हाना कळलं होतं. तिचे डोळे कोरडे होते.

"अप्पा, मला परत मागं टाका," ती म्हणाली. "मागं कुणी बघत न्हाई, तेच बरं हाय."

अमरनाथ म्हणाला, टाकतो. संध्याकाळपर्यंत टाकतो. आणि त्याला खरंच टाकायचं होतं, एवढं त्याच्या बाजूनं बोललं पाहिजे.

चारच्या सुमारास सरांचा फोन आला. आता जागा जाणार म्हणून अमरनाथ उभा राहूनच बोलू लागला. चूक झाली, माफी असावी. पण सर खुशीत होते. म्हणाले, अहो, दोन महिने पोरं झोपली होती माझी. आज पहिल्यांदा सगळा हॉल जागा झाला. तासानंतर पंधरा पालकांचे फोन आले, की आमचं पोरगं आज स्वतःहून अभ्यासाला बसलं, त्याला भीती वाटली म्हणून. सरांनी जरा दम घेतला.

"तिला तिथंच ठेवा, अमरनाथराव. नंबरही तसाच ठेवा, फक्त अक्षरं मोठी करा थोडी. मी रोज एक प्रश्न विचारीन तिला. या वर्षी काही तिचं व्हायचं नाही, पण पुढच्या वर्षीच्या बॅचलाही ती आपल्याकडेच. माझा शब्द."

रोज एक प्रश्न. पुढच्या वर्षीही जागा. अमरनाथनं आयुष्याकडून जे मागितलं होतं ते कुणीतरी शब्दाशब्दानं त्याच्या ओंजळीत घालत होतं. आतल्या खोलीच्या दारात स्वप्नाली उभी होती. फोनचा आवाज मोठा होता, तिला सगळं ऐकू गेलं होतं. त्यानं तिच्याकडे बघितलं, मग भिंतीकडे बघितलं.

"हाव सर," तो म्हणाला.

सिंधू मोरीत भांडी घासत होती, तिला फक्त शेवटचं कळलं, की सरांनी पुढच्या वर्षीचीही जागा पक्की केली. तिनं हात पुसले, देवापुढं वाटीभर साखर ठेवली, आणि त्यातली चिमूटभर आणून लेकीच्या तळहातावर घातली. म्हणाली, बघ, तू नाहक रडकं तोंड करतीस, सरांचा तुझ्यावर लई जीव हाय. स्वप्नालीनं आईकडे बघितलं. साखर तोंडात टाकली, आणि पाचचा तास होता म्हणून आत जाऊन कॉम्प्युटरपुढं बसली.